ऊन विकत घेताना

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो आणि माझ्या भाच्याचा रॉचेस्टरहून फोन आला. तिकडे शनिवारची रात्र. न्यूयॉर्क राज्यातले, ओंटारिओ सरोवराच्या काठचे हे शहर. एके काळी कोडॅकचे गाव म्हणून जगाला ठाऊक असलेले. हिवाळ्यात तिथे सरासरी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो. भाचा म्हणाला, "मामा, आज तिसऱ्यांदा फावडे मारले. आता पुरे झाले. पन्नाशी उलटली. यापुढचे आयुष्य घरात कोंडून काढायचे नाही. आम्ही ॲरिझोनात जायचे म्हणतोय, टूसॉनला. विद्यापीठाचे गाव आहे, ऊन आहे, डोंगर आहेत, बारा महिने बाहेर हिंडता येते. तू बँकेत होतास. सांग, व्यवहार बरा आहे का?"

मी बत्तीस वर्षे एका बँकेत काढली. "व्यवहार बरा आहे का" असे जो विचारायला येतो त्याने मनाने तो व्यवहार आधीच केलेला असतो, हे तिथे पुरेपूर कळले. त्याला फक्त आपला शिक्का हवा असतो. पण हा पडला सख्ख्या बहिणीचा मुलगा. शिवाय ताईचा फोन दुपारच्या आत येणार, हेही ठाऊक होते. (तो साडेअकरालाच आला.) म्हणून मी विषयात शिरलो, आणि शिरल्यावर लक्षात आले की हा एकट्या भाच्याचा प्रश्न नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले, भाचे, पुतणे ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड शहरांत गेले. तिथे नोकऱ्या केल्या, घरे घेतली, मुले मोठी केली. आता मुले पांगली आहेत, गुडघे बोलू लागले आहेत, आणि रात्री जेवणानंतर नवरा-बायको नकाशा उघडून बसतात.

त्यांच्याआधी लाखो अमेरिकनांनी हाच नकाशा उघडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली लोकसंख्या सतत दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकत आली आहे. १९६९ साली केव्हिन फिलिप्स या राजकीय अभ्यासकाने या पट्ट्याला ‘सन बेल्ट’ असे नाव दिले आणि ते चिकटले. १९६० च्या जानेवारीत फिनिक्सजवळ डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने ‘सन सिटी’ ही केवळ वयस्करांसाठीची वसाहत खुली केली, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसे ती पाहायला लोटली होती. या सरकण्याचा राजकीय हिशेबही आहे. २०२० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्क राज्याची प्रतिनिधिगृहातली एक जागा गेली. आणखी अवघी ८९ माणसे नोंदली गेली असती तर ती वाचली असती! टेक्सासच्या दोन जागा वाढल्या, फ्लोरिडाची एक. माझ्या भाच्यासारखी ८९ माणसे म्हणजे एका मध्यम आकाराच्या गणेशोत्सवाची पंगत.

अलीकडे या ओघाला एक नवे वळण लागले आहे. नुसते ऊन आता पुरत नाही, त्याच्याजोडीला विद्यापीठ हवे असते. गोल्फची हिरवळ आणि पत्त्यांचे क्लब असलेल्या वसाहतीत सुशिक्षित माणूस सहा महिन्यांत कंटाळतो. विद्यापीठ असले की मोठे रुग्णालय असते, ग्रंथालय असते, संध्याकाळी व्याख्यान असते, गाण्याची मैफल असते, चार देशांचे जेवण मिळते आणि मुख्य म्हणजे रस्त्यात तरुण माणसे दिसतात. ॲरिझोना विद्यापीठात पन्नाशीपुढच्यांसाठी ‘ओशर’ नावाचे वर्ग चालतात; परीक्षा नाही, हजेरी नाही, इतिहासापासून खगोलशास्त्रापर्यंत जे हवे ते ऐका. भाच्याने त्याची यादी मला पाठवली. त्यात त्याने सात विषयांवर खुणा केल्या होत्या. शाळेत असताना याच मुलाला इतिहासाच्या तासाला बसवायचे म्हणजे ताईला घाम फुटत असे.

या गावाचा इतिहास मात्र मोठा मजेदार आहे. टूसॉनला विद्यापीठ नको होते. १८८५ साली ॲरिझोना हा अजून राज्य न झालेला प्रदेश होता आणि त्याच्या विधिमंडळात संस्थांची वाटणी चालली होती. टूसॉनकरांना हवी होती राजधानी. ती प्रेस्कॉटकडेच राहिली, वेड्यांचे इस्पितळ फिनिक्सला गेले आणि टूसॉनच्या पदरात विद्यापीठ पडले. ते घेऊन परतलेल्या प्रतिनिधीचे स्वागत लोकांनी अंडी आणि कुजकी भाजी फेकून केले. विद्यापीठासाठी जागा द्यायलाही कोणी पुढे येईना. शेवटी दोन जुगारी आणि एक दारूच्या गुत्त्याचा मालक अशा तिघांनी चाळीस एकर माळ दान केला. १८९१ मध्ये बत्तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. त्याच १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघाले. ते काढणाऱ्यांत जुगारी कोणी नव्हते, एवढाच फरक सांगता येईल. माळ दोन्हीकडे होता.

विद्यापीठाच्या मागोमाग आले रोगी. क्षयावर औषध नव्हते त्या काळात कोरडी हवा हेच औषध मानले जाई. आपल्याकडे पांचगणीला आणि मिरजेला सॅनिटोरियम उभी राहिली ती याच समजुतीवर. टूसॉनला पूर्वेकडच्या शहरांतून क्षयरोगी रेल्वेने येत. ज्यांच्याजवळ पैसे असत ते सॅनिटोरियममध्ये जात आणि उरलेले विद्यापीठाच्या उत्तरेला तंबू ठोकून राहत. पुढे १९२२ साली गावातल्या व्यापाऱ्यांनी ‘सनशाइन क्लायमेट क्लब’ काढला आणि पूर्वेकडच्या मासिकांत जाहिराती देऊन आपले ऊन रीतसर विकायला सुरुवात केली. भाच्याने मला पाठवलेल्या रंगीत पत्रकात वर्षाचे ३५० दिवस ऊन असल्याचे लिहिले होते. शंभर वर्षांत माल तोच आहे, फक्त छपाई सुधारली.

क्षयाचे औषध निघाल्यावर दम्याचे आणि परागकणांच्या ॲलर्जीचे रोगी येऊ लागले. वाळवंटात परागकण कमी, म्हणून डॉक्टरच त्यांना तिकडे पाठवत. ही मंडळी आली, बरी झाली, घरे बांधली आणि मग त्यांना वाळवंट उघडेबोडके वाटू लागले. आपल्या जुन्या गावासारखी सावली हवी म्हणून त्यांनी तुतीची झाडे लावली, ऑलिव्ह लावले, अंगणात बर्म्युडा गवताची हिरवळ केली. दोन पिढ्यांत टूसॉनच्या हवेत इतके पराग झाले की शिंका येऊ नयेत म्हणून आलेली माणसे तिथेच शिंकू लागली. शेवटी १९८० च्या दशकात पिमा काउंटीला तुतीची आणि फळ धरणाऱ्या ऑलिव्हची रोपे विकायला बंदी घालावी लागली. हे वाचल्यापासून भाच्याच्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघे टेक्सासला लेकीकडे जाणारच होतो. भाच्याने टूसॉनला पंधरा दिवसांसाठी घर भाड्याने घेतले आणि आम्हालाही बोलावून घेतले. खोटे कशाला बोलू? फेब्रुवारीतले ते दिवस फार सुखाचे गेले. सकाळी अंगावर पातळ स्वेटर, दहा वाजता तो कमरेला बांधायचा आणि दुपारी आपल्या महाबळेश्वरसारखी हवा. गाव समुद्रसपाटीपासून चोवीसशे फुटांवर आहे आणि चारी बाजूंना डोंगर. गावाभोवती ‘लूप’ नावाची पायवाट आहे, सुमारे दोनशे किलोमीटरची. तिच्यावर मोटारी नाहीत. चालणारे, सायकलवाले, क्वचित घोडेस्वार. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या कोरड्या नद्यांना मोठा पूर आला आणि काठची घरे ढासळली. त्यानंतर माती आणि सिमेंटचे बांध घालून काठ पक्के केले गेले. त्या बांधांवरून वाट काढता येईल हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि ती वाढत गेली. पुरासाठी खर्चलेल्या पैशातून सबंध गावाला फिरायची सोय झाली. हे वाचून मला, म्हणजे मुठेच्या काठावर वाढलेल्या माणसाला, काय वाटले असेल ते सांगत नाही.

नद्या मात्र पाहाव्यात. मी रिलिटो नदीवरच्या पुलावर उभा राहून खाली पाहिले तर नुसती वाळू. नदीच्या पात्रातून एक बाई कुत्रा फिरवत होती. वर्षातले बहुतेक दिवस त्या अशाच असतात.

गावाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सवारो निवडुंगाचे राष्ट्रीय उद्यान आहे. सवारो म्हणजे चित्रपटांतून आपण पाहतो तो हात वर केलेला उंच निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. एका संध्याकाळी त्या निवडुंगांच्या रानात सूर्य बुडताना पाहत आम्ही चौघे अर्धा तास न बोलता उभे होतो. आमच्या सौभाग्यवती अर्धा तास गप्प, यावरून त्या देखाव्याची कल्पना यावी. परतताना भाचा म्हणाला, "आता सांग, मामा." मी म्हटले, "जूनमध्ये राहून ये, मग सांगतो."

हे माझे शहाणपण नव्हे. नोकरीच्या सुरुवातीला मी कोकणातल्या एका शाखेत होतो. तिथले आमचे मॅनेजर घरकर्जाचे तारण कधीही मे महिन्यात पाहायला जात नसत. "घर जुलैत बघायचे," ते म्हणत. मेमध्ये प्रत्येक घर देखणे असते. जुलैत छप्पर कुठे गळते, भिंतीला ओल कुठवर चढते, वाट राहते की ओढा होतो, ते सगळे दिसते. छत्री घेऊन, चिखल तुडवत ते जात आणि परत आल्यावर कर्जाची रक्कम निम्मी करत. शाखेत त्यांच्याइतकी कमी थकबाकी पुढे कोणाच्या काळात राहिली नाही.

भाचा आणि भाचेसून जूनमध्ये पुन्हा गेले. तिथला जून म्हणजे आपल्या विदर्भातला मे. पारा रोज अडतीस, चाळीस, कधी त्याहून वर; १९९० च्या जूनमध्ये तो ४७ अंशांपर्यंत गेला होता. पहिले चार दिवस भाचा पहाटे साडेचारला उठून लूपवर जाऊन आला. सात वाजता परत. त्यानंतर दारे बंद, पडदे बंद, वातानुकूलन चालू. रात्री नऊपर्यंत बाहेर पाऊल नाही. पाचव्या दिवशी त्याने फोनवर मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले, "मामा, रॉचेस्टरला मी जानेवारीत जसा घरात बसतो, तसाच इथे जूनमध्ये बसलोय. फक्त फावडे नाही." त्याची बायको मागून म्हणाली, "आणि मामा, फावडे मारायला निदान बाहेर तरी जावे लागते!"

ॲरिझोनाच्या उन्हाची सगळ्यात बोलकी गोष्ट घड्याळात आहे. बाकी अमेरिका उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करते, संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. ॲरिझोनाने १९६८ पासून ते सोडून दिले आहे. ऊन विकणाऱ्या राज्याला संध्याकाळचे आणखी एक तास ऊन नको होते.

पूर्वी तिथली माणसे उन्हाळा काढत कशी? जाड मातीच्या भिंती, रात्री झोपायला जाळीचा व्हरांडा, आणि नंतर ओल्या गवताच्या गादीतून वारा ओढणारे कूलर. अकोल्या-नागपूरच्या वाचकांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. वाळ्याचा वास तेवढा तिथे नसावा. टूसॉनच्या जुन्या घरांच्या छपरांवर हे कूलर अजून दिसतात. पण एवढी मोठी वस्ती झाली ती वातानुकूलनामुळे. १९५० साली टूसॉनची लोकसंख्या ४५ हजार होती, २०२० मध्ये ५ लाख ४२ हजार. शहराची हद्द वाढली हे खरे, पण वाढलेल्या हद्दीत माणसे राहतात ती यंत्राच्या भरवशावर. शेजारच्या फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला आणि त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीत ६४५ माणसे उष्म्याने दगावल्याची नोंद झाली. त्यांत रस्त्यावर राहणारे खूप होते, पण घरात मेलेलेही होते. यंत्र बंद पडलेले, नाहीतर बिल परवडत नाही म्हणून बंद ठेवलेले. २०१८ साली फिनिक्सजवळच्या एका निवृत्तांच्या वसाहतीत एका वृद्धेची वीज उन्हाळ्याच्या दिवसांत थकबाकीसाठी तोडली आणि ती घरात मरण पावली. थकबाकी होती ५१ डॉलर. त्याच्या पुढच्या वर्षी मोठ्या वीज कंपन्यांना उन्हाळ्यात वीज तोडायला मनाई झाली. मी वसुलीच्या कामावर कैक वर्षे होतो, त्यामुळे ५१ चा आकडा डोक्यातून जात नाही.

जुलै उजाडला की तिथे पाऊस येतो आणि त्याला ते चक्क ‘मॉन्सून’ म्हणतात. दुपारी डोंगरावर ढग चढतात, विजा कडाडतात, तासाभरात कोरड्या नद्या दुथडी वाहतात आणि एका झुडपाच्या ओल्या पानांचा तीव्र वास गावभर पसरतो. भाचेसून त्यासाठी तीन दिवस जास्त राहिली. पण वर्षाकाठी सारा मिळून पाऊस अकरा इंचांच्या आसपास; पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. मग पाच लाख माणसे पितात काय?

बराच काळ ती जमिनीखालचे पाणी उपसत होती. पातळी खोल गेली तेव्हा १९८० साली राज्याने उपशावर बंधने घालणारा कायदा केला. त्याआधीच, १९७३ मध्ये, कोलोरॅडो नदीचे पाणी आणण्यासाठी कालव्याचे काम सुरू झाले होते. लेक हवासूपासून टूसॉनच्या दक्षिणेपर्यंत ५४० किलोमीटर लांबीचा हा कालवा १९९३ च्या सुमारास पुरा झाला. वाटेत पाणी जवळजवळ तीन हजार फूट वर चढवावे लागते आणि २०१९ पर्यंत त्या पंपांना लागणारी बरीचशी वीज कोळसा जाळून होत असे. नदीचे पाणी १९९२ मध्ये नळांना पहिल्यांदा सोडले तेव्हा जुने पाइप आतून सुटू लागले आणि घराघरांत गंजाचे तांबडे पाणी आले. लोक इतके संतापले की १९९५ साली त्यांनी मतदान करून ते थेट नळांत सोडायलाच बंदी घातली. आता ते आधी वाळवंटात जिरवतात, भूजलात मिसळतात आणि मग उपसून पुरवतात.

टूसॉनकरांचे कौतुक करायलाच हवे अशी एक गोष्ट इथे आहे. वस्ती एवढी वाढूनही गाव आज सुमारे १९८५ साली वापरत होते तेवढेच पाणी वापरते. हिरवळी काढल्या, दगड-निवडुंगांची अंगणे केली, सांडपाणी शुद्ध करून बागांना दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका अवाढव्य डेटा सेंटरसाठी जमीन शहरहद्दीत घेण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेने एकमताने फेटाळला. लोकांचा मुख्य आक्षेप पाण्याचा आणि विजेचा होता. पण नदी त्यांच्या हातात नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोच्या इतिहासात पहिल्यांदाच पाणीटंचाई अधिकृतपणे जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे अठरा टक्के कपात झाली. तिचा पहिला फटका पिनल काउंटीतल्या शेतकऱ्यांना बसला; शहरे रांगेत मागे आहेत. सात राज्यांमधली टंचाईच्या वाटपाची २००७ ची नियमावली २०२६ अखेरपर्यंतच्या मुदतीनेच केलेली होती. तीस वर्षांचे कर्ज काढून घर घेणाऱ्याने हा करार वाचायला नको का? मी भाच्याला हेच विचारले. ज्या ओंटारिओच्या काठी तो राहतो त्या पाच सरोवरांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा आहे, आणि २००८ च्या करारानुसार ते पाणी, काही ठरीव अपवाद सोडता, त्या खोऱ्याबाहेर नेता येत नाही. तो दक्षिणेला जाईल, पाणी त्याच्यामागे येणार नाही.

आता पैशाचे. इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण खरा अडसर पैशाचा नाही. ॲरिझोनात २०२३ पासून आयकर सरसकट अडीच टक्के आहे. न्यूयॉर्कपेक्षा पुष्कळ कमी. रॉचेस्टरकडे घरपट्टी भारी. हे फायदे खरे. पण भाच्याचे घरकर्ज २०२१ मधले, तीन टक्क्यांच्या आतले, आणि व्याजदर शेवटपर्यंत स्थिर. ते फेडून २०२४ मध्ये नवे काढायचे तर दर साडेसहाच्या पुढे. असले स्वस्त कर्ज मुदतीआधी सोडणे माझ्या बँकर मनाला देवाघरचे देणे परत करण्यासारखे वाटते. शिवाय ज्या विद्यापीठाच्या भरवशावर हे सारे, त्याच्या तिजोरीतही त्या वेळी गोंधळ होता. आपल्या गंगाजळीचा अंदाज २४ कोटी डॉलरनी चुकल्याचे ॲरिझोना विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. पुढच्या एप्रिलमध्ये अध्यक्षांनी पद सोडण्याची घोषणा केली. विद्यापीठ काही बुडणार नाही. पण काटकसर आली की आधी कशावर कात्री चालते, हे आपल्याकडच्या प्राध्यापकांना विचारावे.

आणि तरुणांचा सहवास? त्याची एक कथा फिनिक्सला लागून असलेल्या टेम्पी गावची आहे. तिथे ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या जागेवर वयस्करांसाठी ‘मिराबेला’ नावाचा वीस मजली मनोरा उभा राहिला. रहिवाशांना वर्गात बसता येते, विद्यार्थ्यांसारखे ओळखपत्र मिळते. २०२० च्या अखेरीस मंडळी राहायला आली. समोर एक बार होता, तिथे रात्री उशिरापर्यंत मोठ्याने संगीत चाले. २०२१ मध्ये मनोऱ्याच्या बाजूने बारवर आवाजाचा दावा लागला आणि २०२२ मध्ये न्यायाधीशांनी बारच्या विरुद्ध मनाई हुकूम दिला. विद्यार्थी चिडले: आम्ही आधीपासून इथे आहोत, तुम्ही नंतर आलात. पुढे तडजोड झाली. मला दोन्ही बाजू पटतात. रात्री दीड वाजता पोटात घुमणारा ढोल साठीनंतर सोसत नाही, हे मी आमच्या सोसायटीच्या अनुभवावरून सांगू शकतो. पण तरुणाई हवी, ती संध्याकाळी सात ते नऊ, आणि हळू आवाजात, ही मागणी जरा जास्तच.

पुण्याबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर हा लेख अप्रामाणिक होईल. कॉलेजांचे गाव, चांगली हवा, जवळ टेकड्या: निवृत्त माणसाने पुण्यात घर घ्यावे असे का म्हणत, त्याची कारणे भाच्याच्या यादीतलीच होती. माझे वडील १९७१ साली त्याच कारणांसाठी इथे आले. एप्रिलमध्ये दुपारी पंखा लावला तर आजी रागवत असे. त्याच पुण्यात २०१९ च्या एप्रिलमध्ये पारा ४३ अंशांवर गेला. हवेसाठी आलेल्या आम्हा सर्वांची घरे, आमच्या वाहनांचे रस्ते आणि आमच्या मुलांच्या नोकऱ्या यांनी ती हवा खाल्ली. २०२३ मध्ये वेताळ टेकडीतून रस्ता नेण्याच्या बेताविरुद्ध लोक मोर्चाने निघाले, त्यांत मीही होतो. माझ्या शेजारी चालणारे गृहस्थ त्याच टेकडीच्या उतारावरच्या इमारतीत राहत होते. मी त्यांना काही बोललो नाही. माझीही इमारत कोणाच्या तरी पेरूच्या बागेवर उभी आहे.

म्हणून भाच्याला "जाऊ नकोस" म्हणायचा अधिकार मला नव्हता आणि मी तसे म्हटलेही नाही. माझा प्रश्न निराळा होता आणि तो मी भाचेसुनेला विचारला, कारण अशा प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे असतात. विचारले, "रात्री दोन वाजता याच्या छातीत दुखले तर रॉचेस्टरला तू कोणाला फोन करशील?" तिने एका दमात चार नावे सांगितली. दोन मराठी, एक तेलुगू, एक शेजारचा आयरिश म्हातारा. "आणि टूसॉनला?" ती जरा थांबून म्हणाली, "नऊशे अकराला." अठ्ठावीस वर्षांत तिथे जमलेली ती चार नावे होती. कोणाच्या बाळंतपणात डबे गेलेले, कोणाच्या वडिलांच्या अंत्यविधीला सुट्टी काढून धावलेले. साठीकडे झुकलेल्या माणसाला नव्या गावात लूपवर रोज "हाय" म्हणणारे पन्नास भेटतील. चार नावे जमायला किती वर्षे लागतील, ते मला सांगता येईना.

भाचा रागावला. म्हणाला, "मामा, मग तुझ्या मते मी इथेच फावडे मारत मरायचे?" त्याच्या रागात तथ्य होते. रॉचेस्टरला गेल्या हिवाळ्यात तो दाराशी घसरून पडला होता, मनगट मोडले होते. हे त्याने ताईला सांगितले नव्हते आणि मलाही तेव्हाच कळले. दोन्ही ऋतूंपैकी एकात घरात बसायचेच असेल तर हाड मोडणारा ऋतू का निवडावा, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. टूसॉनच्या धुळीतल्या बुरशीने होणाऱ्या ‘व्हॅली फीव्हर’बद्दल, देशातल्या बहुतांश रुग्णांची नोंद एकट्या ॲरिझोनात होते याबद्दल, मी वाचून ठेवले होते. ते त्या दिवशी बोललो नाही.

शेवटी त्या दोघांनी जे ठरवले ते माझ्या सल्ल्याने नव्हे. घर विकायचे नाही. तीन टक्क्यांचे कर्ज चालू ठेवायचे. डिसेंबर ते मार्च टूसॉनला छोटे घर भाड्याने घ्यायचे आणि एप्रिलमध्ये परतायचे. तिकडे अशा लोकांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. थव्याने येतात, थव्याने जातात, आणि स्थानिक लोक त्यांच्या मोटारींना शिव्या देतात. भाच्याची नोकरी घरून करता येण्याजोगी आहे म्हणून हे जमले, आणि दोन घरांचा खर्च झेपतो म्हणून. ज्यांना झेपत नाही त्यांना हा मधला मार्ग नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे. ताईला हे काहीच पटलेले नाही. "भटक्यांसारखे काय ते," म्हणाली.

पहिला हिवाळा पार पडला. भाच्याने ‘ओशर’च्या वर्गांत नाव घातले, सातपैकी दोन विषय टिकले. रॉचेस्टरच्या घराची किल्ली शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याकडे असते. तो ऐंशीचा आहे. नळ गोठू नयेत म्हणून दर दोन दिवसांनी तो आत जाऊन हीटर पाहतो, आणि भाचा कितीही नको म्हणाला तरी दारासमोरचा बर्फ काढून ठेवतो.